आठवणे हे काम आहे : प्रायोगिक चित्रपट, स्मृती आणि माणसाचे जगणे



ज्या व्यक्तीच्या नावाने आपण जमतो तिच्याबद्दल सुरुवातीला चार चांगले शब्द बोलायचे आणि मग भलत्याच विषयाकडे वळायचे, अशी स्मृतिव्याख्यानांची आपल्याकडे रीत पडली आहे. आज मी ती रीत पाळणार नाही. गेलेल्या माणसाची आठवण ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हाच मी आजचा विषय धरला आहे. त्यासाठी मी चित्रपटाचा आधार घेणार आहे, आणि तोही ज्याला आपण प्रायोगिक म्हणून बाजूला ठेवतो त्या चित्रपटाचा. कारण माझी अशी ठाम समजूत आहे की स्मृती आणि माणसाच्या जगण्याचा अर्थ या दोन प्रश्नांना गेल्या शंभर वर्षांत सगळ्यात प्रामाणिकपणे कुणी हात घातला असेल, तर तो या चित्रपटांनी.

सुरुवात महाराष्ट्रातूनच करू. 1913 सालचा 'राजा हरिश्चंद्र' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्याआधी दादासाहेब फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. 1912 मध्ये ते लंडनहून परतले. भांडवल द्यायला कुणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि रोज ठरावीक अंतराने थोडी थोडी चित्रे टिपत राहिले. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बियाला अंकुर फुटतो, पाने येतात, वेल वर चढतो. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. ती पाहून यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला राजी झाले आणि भारतीय चित्रपटाचा संसार उभा राहिला.

या फिल्मकडे आपण भांडवल मिळवण्याची युक्ती म्हणून पाहतो. मी तिच्याकडे मराठी माणसाने केलेला पहिला प्रायोगिक चित्रपट म्हणून पाहतो. तिच्यात नायक नाही, संवाद नाही, कथानक नाही. आहे तो फक्त काळ. डोळ्यांना एरवी दिसूच शकत नाही अशी एक गोष्ट, जिवंत वस्तूची वाढ, त्यांनी दाखवून दिली. आणि त्यासाठी त्यांनी काय केले? रोज त्या कुंडीपाशी जाऊन बसले. एका रोपट्याकडे इतके दिवस इतक्या निष्ठेने पाहणे ही त्या फिल्मची खरी करामत आहे. ती फिल्म आज उपलब्ध नाही. तिच्याबद्दल आपण फक्त बोलू शकतो. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता प्रायोगिक चित्रपट म्हणजे काय, हे साध्या शब्दांत सांगतो. नेहमीच्या चित्रपटात एक गोष्ट असते आणि प्रत्येक दृश्य तिला पुढे ढकलत असते. पात्र जिना चढले तर वर काहीतरी घडायलाच हवे. प्रायोगिक चित्रपटात पात्र जिना चढते आणि दिग्दर्शक आपल्याला तो चढ पाहायला लावतो. पायरीवरचे ऊन, धाप, वरून येणारा स्वयंपाकघराचा आवाज. गोष्ट थांबलेली असते, पण जगणे थांबलेले नसते. आणि आठवणीत आपल्याकडे उरते ते बहुतेक वेळा हेच. आजीच्या आयुष्यातल्या मोठ्या घटनांच्या तारखा नातवंडांना सांगता येत नाहीत. पण ती तांदूळ निवडताना सूप कशी झटकायची, ते मात्र डोळ्यांसमोर येते.

नेहमीच्या चित्रपटात आठवण दाखवायची एक ठरलेली पद्धत आहे. चेहरा जवळ येतो, चित्र धूसर होते, 'वीस वर्षांपूर्वी' अशी पाटी येते. त्याला आपण फ्लॅशबॅक म्हणतो. यात आठवण ही कपाटात ठेवलेली फाइल असल्यासारखी वागवली जाते: हवी तेव्हा काढली, वाचली, परत ठेवली. आपल्या अनुभवात असे कधी होते का? आठवण विचारून येत नाही. ती आली की आताचा क्षण आणि तेव्हाचा क्षण एकाच खोलीत असतात. हे पडद्यावर आणायचे तर गोष्टीची नेहमीची चौकट मोडावी लागते. प्रयोग हा दिग्दर्शकाचा छंद नसतो, विषयानेच त्याच्यावर टाकलेली ती गरज असते.

मराठीतला माझ्या मते सगळ्यात सखोल असा प्रयत्न म्हणजे उमेश विनायक कुलकर्णी यांचा 'विहीर'. 2009 साली तयार झालेला हा चित्रपट 2010 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी आपल्याकडे प्रदर्शित झाला. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांचे लेखन, सुधीर पलसाने यांचे छायालेखन. समीर आणि नचिकेत हे दोन मावसभाऊ, वयात येणारे. एकमेकांना पत्रे लिहिणारे. आजोळी लग्न निघते, सगळे गोत जमते. मराठी माणसाने आयुष्यात कधी ना कधी अनुभवलेले ते लग्नघर: माजघरातली बायकांची लगबग, गच्चीवरच्या गाद्या, दुपारची सुस्ती, आणि मळ्यातली विहीर. समीर पोहण्यात तरबेज. नचिकेत वेगळ्याच धुंदीत असतो. त्याला या सगळ्यातून निघून जायचे आहे, कुठे ते त्यालाही सांगता येत नाही. आणि मग नचिकेत जातो. त्याच विहिरीत.

इथपर्यंत कुणीही दिग्दर्शक आला असता. पुढे नेहमीचा चित्रपट काय करील? तो कसा गेला याचा शोध घेईल, कुणाची चूक होती ते दाखवील, शेवटी समीरला रडवील आणि आपल्यालाही. 'विहीर' यातले काही करत नाही. नचिकेत घसरला की त्याने उडी टाकली याचा निकाल चित्रपट देत नाही, कारण समीरच्या दृष्टीने तो प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न एवढाच आहे की कालपर्यंत इथे असलेला माणूस आज कुठे गेला. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात जाऊन हाच प्रश्न विचारतो: माणूस मेल्यावर उरतो की नाही. इथे नचिकेत नावाचा मुलगा निघून जातो आणि प्रश्न मागे राहिलेल्याच्या पदरात पडतो.

समीर तो प्रश्न घेऊन घराबाहेर पडतो. चालत राहतो. माळ, वाटा, मेंढपाळाची भेट. या भागात चित्रपटात फारसे काही घडत नाही, अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. माझे म्हणणे उलट आहे. सगळ्यात महत्त्वाचे याच भागात घडते. घरातल्या मोठ्यांनी दुःख रीतीप्रमाणे उरकले. दहावा, तेरावा, भेटायला येणारे, चहा. समीरला मात्र ते उरकायचे नाही. त्याला ते चालून काढायचे आहे. त्याचे चालणे हीच त्याची आठवण. आणि चित्रपटाने जर ते चालणे दोन मिनिटांत संगीत लावून आटोपले असते, तर आपल्याला समीरचे दुःख कळले असते, पण त्यातून जावे लागले नसते. दिग्दर्शक आपल्याला त्यातून जायला लावतो. ज्या पाण्याने मित्राला नेले त्या पाण्याशी शेवटी समीरला स्वतःच सामोरे जावे लागते. ते का आणि कसे, हे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी मी सांगत नाही.

इथे मला माझे म्हणणे एका वाक्यात मांडू द्या. स्मृती ही साठवून ठेवण्याची वस्तू आहे असे आपण समजतो. हे चित्रपट आपल्याला दाखवतात की स्मृती हे करण्याचे काम आहे. कुणीतरी ते करीत राहिले तरच ती असते. आणि माणसाच्या जगण्याचा अर्थ त्याने काय मिळवले यापेक्षा, त्याच्यासाठी मागे राहिलेल्यांनी आणि आधी गेलेल्यांसाठी त्याने हे काम किती केले यात अधिक सापडतो.

या म्हणण्यावर एक कठीण आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. ज्याची स्मृतीच गेली त्याचे काय? जगण्याचा अर्थ आठवणीत असेल, तर आठवण हरवलेल्या माणसाच्या जगण्याला अर्थ उरत नाही का? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने हाच प्रश्न घेतला आहे. रूढ अर्थाने तो प्रायोगिक नाही, त्याला सरळ कथा आहे, पण त्याने विचारलेला प्रश्न कुठल्याही प्रयोगापेक्षा धाडसी आहे. मोहन आगाशे यांनी उभे केलेले डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. आयुष्यभर पाठांतरावर जगलेला माणूस. त्यांना अल्झायमर होतो. एके दिवशी रस्त्यावर हत्ती दिसतो आणि लेकीची नजर चुकवून ते लहान मुलासारखे त्याच्या मागे निघून जातात. इकडे लेक शहरभर शोधते आहे. तिकडे माहुताच्या गरीब संसारात हा पाहुणा येऊन पडला आहे. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी, तिच्या पदरात तान्हे मूल. हा माणूस कोण, त्याचा व्यासंग किती, तिला काही माहीत नाही. त्याला स्वतःलाही माहीत नाही. ती त्याला आईच्या मायेने खाऊ घालते, सांभाळते.

अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी 2013 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आक्षेपाचे उत्तर चन्नम्माच्या हातात आहे. शास्त्रीबुवांना आपण कोण हे आठवत नसेल, पण समोर माणूस आहे हे चन्नम्मा विसरत नाही. आठवणीचे काम ज्याचे त्याला जमेनासे झाले की ते दुसऱ्याने करायचे असते. घरात स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे असतील अशी अनेक माणसे या सभागृहात असतील. आई आपल्याला ओळखत नाही, मग रोज तिच्यापाशी बसून काय उपयोग, असा प्रश्न त्यांना पडत असेल. ती ओळखत नाही, म्हणूनच तुम्ही तिला ओळखत राहणे गरजेचे आहे. तिची ओळख आता तुमच्याकडे ठेवायला दिलेली आहे.

तिसरा चित्रपट आपल्या पनवेलच्या शेजारच्या उरण तालुक्याशी नाते सांगणारा आहे. दि. बा. मोकाशी यांचा जन्म उरणचा, 1915 सालचा. मराठी कथेतले ते एक मोठे नाव. त्यांच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवरून सुमित्रा भावे यांनी 2019 मध्ये 'दिठी' केला. 19 एप्रिल 2021 रोजी भावे गेल्या आणि त्यांच्या मागे, पुढच्याच महिन्यात, तो प्रेक्षकांपर्यंत पोचला. रामजी लोहार हा वर्षानुवर्षे वारी करणारा माणूस. त्याचा तरणा मुलगा पुरात वाहून जातो. इतकी वर्षे ऐकलेली पोथी, घोकलेले अभंग, सगळे त्या दुःखापुढे मुके होते. किशोर कदम यांनी तो थिजलेला बाप असा उभा केला आहे की त्याच्याकडे बघवत नाही. अशात गावातली एक गाय अडते. बाहेर पाऊस. तिला सोडवायचे कसब फक्त रामजीच्या हातात आहे.

पुढे जे होते ते जवळजवळ शब्दांवाचून होते. रामजीला कुणी उपदेश करून शहाणे करत नाही. त्याचे हात शहाणे आहेत. त्या हातांना काय करायचे ते आठवते, आणि हातांच्या मागे मन येते. एका जिवाला जगात आणताना त्याला गेलेल्या जिवाचा काहीएक अर्थ लागतो. मोकाशींनी हे कथेत थोड्या पानांत लिहिले. भाव्यांनी ते पडद्यावर आणताना घाई केली नाही. गाय अडल्यावर जितका वेळ लागतो, तितका लागल्यासारखा आपल्याला वाटतो. सत्य सांगायचे म्हणून त्यांनी काळ आखडता घेतला नाही.

जगात इतरत्र काय झाले तेही थोडक्यात पाहू. फ्रान्सच्या ख्रिस मार्कर यांनी 1962 मध्ये 'ला जेते' नावाची 28 मिनिटांची फिल्म केली. लहानपणी पाहिलेल्या एका चेहऱ्याची आठवण आयुष्यभर बाळगणाऱ्या माणसाची ती गोष्ट. जवळजवळ सगळी फिल्म स्थिर छायाचित्रांची आहे. एका क्षणी मात्र झोपलेली स्त्री डोळे उघडते, आणि तेवढेच चित्र हलते. आठवणीतले माणूस क्षणभर जिवंत होणे म्हणजे काय, ते त्या एका पापणीच्या हालचालीत कळते.

रशियाच्या आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा 1975 चा 'मिरर' मात्र मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण तो तुम्हा ओवे गावच्या माणसांना कळेल असा आहे. तार्कोव्हस्कींना आपल्या बालपणीचे खेड्यातले घर पडद्यावर आणायचे होते. ते घर केव्हाच पडले होते. त्यांनी जुन्या जागीच, जुन्या जोत्यावर, जुनी छायाचित्रे पाहून ते पुन्हा बांधले. घरासमोर त्यांच्या लहानपणी कुट्टूचे शेत असायचे, पांढऱ्या फुलांनी भरलेले. आता तिथे दुसरीच पिके घेतली जात होती. या जमिनीत कुट्टू येणार नाही, असे तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना सांगितले. त्यांनी तरीही बी पेरले. कुट्टू आला आणि फुललाही. मग त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आईला तिथे आणले आणि तिलाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. वडिलांच्या कविता खुद्द वडिलांच्याच आवाजात चित्रपटात ऐकू येतात.

विचार करा, चार दृश्यांसाठी शेत पेरायचे. पण त्यांना ठाऊक होते की त्या शेतावाचून त्या घराची आठवण अपुरी राहील. फाळक्यांची कुंडी आणि तार्कोव्हस्कींचे शेत या दोन्ही ठिकाणी माणसाने कॅमेरा लावण्याआधी हात मातीत घातले आहेत.

आणि आता आपल्याकडे येऊ. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. त्या जमिनीसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागाने जो लढा दिला, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासईच्या परिसरात गोळीबारात जे पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना कशी आली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो इतिहास लिहिला गेला आहे, आणखी लिहिला जाईल. 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली, ओवे तिच्यात आले. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे. शेजारी खारघरचे मनोरे आहेत. हे सगळे होऊ नये असे म्हणणारा मी नाही. गावातल्या मुलामुलींना शिक्षण, दवाखाना, नोकरी जवळ आली, याचे मोल मी जाणतो.

पण सातबाऱ्यावर गट नंबर असतो, सिडकोच्या नकाशावर सेक्टर असतो, आणि या दोन्हींत न मावणारी एक गोष्ट असते. प्रत्येक शेताला घरात एक नाव होते. कुणी वडाखालचे म्हणे, कुणी ओढ्याकडचे. कोणत्या बांधावरून भांडण झाले, कोणत्या बांधावर बसून भाकरी खाल्ली, आवणीच्या वेळी पाणी कुठे तुंबायचे, खळे कुठे घालायचे, हे नकाशात नसते. ते माणसांच्या बोलण्यात असते. ती शेते ज्यांनी कसली त्या पिढीतली माणसे आज सत्तरी ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यानंतर ती नावे उच्चारणारे कुणी उरणार नाही.

आगरी समाजातल्या धवलारणीचे उदाहरण घ्या. लग्नाच्या प्रत्येक विधीला तिचे धवले लागतात. हळद असो, मांडव असो, देवांना आवतण देणे असो, ती गात असते आणि तिच्या गाण्याच्या क्रमाने लग्न पुढे सरकते. हे तिने कुठे लिहून ठेवलेले नाही. तिने ते तिच्या आधीच्या बाईच्या मागे बसून, तिच्या सुरात सूर मिसळून घेतलेले असते. मी मघाशी म्हटले की स्मृती हे करण्याचे काम आहे. धवलारीण हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. आता पुष्कळ मांडवांत डीजे असतो आणि धवलारीण एका कोपऱ्यात असते. दोष कुणालाही द्यायचा नाही. पण तिच्या मागे बसणारी मुलगी आज कोण आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

इथे प्रायोगिक चित्रपट आपल्या कामाचा ठरतो. तुम्ही म्हणाल, धवलारणीचा व्हिडिओ तर आम्ही काढतोच. हो, तीस सेकंदांचा. त्यावर दुसरे संगीत लावतो, तिचा चेहरा उजळ करतो आणि पुढे पाठवतो. त्यात धवलारीण दिसते, पण तिचे काम दिसत नाही. ती दोन कडव्यांमध्ये श्वास घेते, शेजारणीकडे बघते, एखादा शब्द अडला तर थांबते आणि मग तो सापडल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येते, ते दिसत नाही. ते दाखवायला कॅमेरा थांबावा लागतो. 'विहीर' आणि 'दिठी'ने आपल्याला हेच थांबणे शिकवले आहे.

अलीकडच्या तरुणांपैकी अक्षय इंडीकर यांनी हे शिक्षण फार मनापासून घेतले आहे. 2020 मध्ये बर्लिनला गेलेल्या त्यांच्या 'स्थलपुराण'मध्ये आठ वर्षांच्या दिघूचे वडील अचानक नाहीसे झालेले आहेत. आई त्याला आणि बहिणीला घेऊन शहरातून कोकणात आजोळी येते. मोठी माणसे मुलाला काही सांगत नाहीत. तो आपल्या डायरीत लिहीत राहतो. पावसाने आणि समुद्राने भरलेल्या त्या चित्रपटात कोकणाचे देखावे म्हणून काही येत नाही. जागा आणि मुलाचे मन एकमेकांत मुरत जातात. नवी जागा आपली कशी होते आणि जुनी जागा मनातून का जात नाही, हे इतक्या हळुवारपणे मराठीत क्वचितच आले आहे. त्यांच्या 'त्रिज्या'ला ध्वनीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही मला अर्थपूर्ण वाटते. आठवण आपल्यापर्यंत अनेकदा कानावाटे येते, आणि आपण मात्र फक्त चित्रे जपतो.

'हे चित्रपट आम्हाला कळत नाहीत,' असे प्रेक्षक म्हणतात. त्यांचा अनादर करून चालणार नाही. त्यांनी दिवसभर राबून दोन तास काढलेले असतात. पण माझी त्यांना एक विनंती आहे. कीर्तनाला बसलेला माणूस प्रत्येक ओवीचा अर्थ लागेपर्यंत अडून बसत नाही. तो बसतो, ऐकतो, आणि कधीतरी एखादी ओळ त्याच्या आयुष्याशी जुळते. या चित्रपटांपुढे तसे बसावे. आणि एकट्याने मोबाइलवर पाहण्यापेक्षा चौघांत बसून पाहावे. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि तिथे हेच झाले. लोक एकत्र बसून कठीण चित्रपट पाहू लागले, नंतर बोलू लागले, आणि त्या बोलण्यातून मराठीत चित्रपट समजून घेणारी एक पिढी तयार झाली. असे मंडळ ओव्यात का होऊ नये? शाळेचा एक वर्ग, एक पडदा आणि महिन्यातून एक संध्याकाळ पुरेशी आहे.

आता सुरुवातीला राखून ठेवलेला मुद्दा. फाळक्यांची 'अंकुराची वाढ' आज नाही. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उपलब्ध आहे. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. त्याची कारणे साधी आहेत. ती फिल्म नायट्रेटची असे, पटकन पेट घेई. तिच्यात चांदीचा अंश असे, म्हणून जुनी रिळे त्या चांदीसाठी विकली गेली. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर या माणसाने आयुष्य वेचून गावोगावची रिळे गोळा केली म्हणून काही उरले. त्यातलेही काही जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत जळाले. जे यंत्र आठवण टिकवण्यासाठी आपण वापरतो, त्या यंत्राची आठवणही माणसालाच टिकवावी लागते. तुमच्या मोबाइलमधले व्हिडिओ याला अपवाद नाहीत. फोन बिघडतो, पासवर्ड विसरतो, कार्ड खराब होते. 

म्हणून समारोप करताना मी तरुणांना काही ठोस काम सांगणार आहे. चित्रपट करायचा म्हणून थांबू नका, तो पुढे कधीतरी होईल. येत्या पावसाळ्याआधी आपल्या घरातल्या किंवा आळीतल्या सगळ्यात वयस्क माणसासमोर बसा. फोन एका जागी टेकवून ठेवा, हातात धरू नका. त्यांना शेतांची नावे विचारा, विहिरी कुठे होत्या ते विचारा, आवणी कशी व्हायची ते हाताने करून दाखवायला सांगा. शक्य असेल तर त्यांना त्या जागी घेऊन जा, आज तिथे इमारत असली तरी. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा, मध्ये प्रश्न टाकू नका. वरून संगीत लावू नका. धवलारीण गात असेल तर अख्खे गाणे घ्या, तिच्या परवानगीने, तिच्या नावानिशी. शेवटी कोण बोलले, कुठे, कोणत्या तारखेला, हे स्वतःच्या आवाजात सांगा. त्याच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या जागी ठेवा आणि तिसरी जवळच्या ग्रंथालयाला द्या.

हे काम झाले तर पुढे तुमच्यातला कुणी त्यातून चित्रपट करील, आणि तो 'विहीर'च्या शेजारी बसण्याइतका मोठाही असू शकेल. पण तो झाला नाही तरी काही बिघडत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसाकडे तुम्ही तास दोन तास दुसरे काही न करता पाहिलेत, त्याचे जगणे कुणाच्या तरी लक्षात आले, एवढे त्या माणसाला त्याच्या हयातीत कळेल. स्मृतिव्याख्याने माणूस गेल्यावर होतात. हे काम तो असतानाच करायचे आहे, आणि ते आजच्या रात्रीपासून करता येते.